विसाव्याला लागणारी वीज

पहाटे तीन वाजून बावन्न मिनिटं.
पुन्हा तोच निळा पडदा, तेच दिलगिरीचं वाक्य,
आणि पंखा एक गिरकी घेऊन गप्प.
चौकटीच्या वहीत पेन्सिलीने लिहितो:
गुणक सत्तेचाळीस. एक पूर्णांक अठ्ठावीस व्होल्ट.
मेला. कारण माहीत नाही.

अकरावी नोंद.

ऐरा आतून विचारते, काय पडलं?
काही नाही, म्हणतो. खरंच काही पडलेलं नसतं.
कोत्काच्या खाडीत बर्फ तडकतो
तेव्हाही ती हेच विचारते.

आधी मी रॅमवर आळ घेतला.
दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घासले,
एकेक लावून रात्रभर तपासली.
निर्दोष. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
मग पॉवर सप्लाय, शेजारच्या तुओमोकडून उसना.
सोयरिकीला घालाव्यात
तितक्या अटी घातल्या त्याने.
मग थर्मल पेस्ट, जुनी पुसून नवी, वाटाण्याएवढी.
मग बाल्कनीचं दार उघडून उणे नऊची हवा
सरळ खोक्याच्या तोंडावर.
ऐराचं जिरॅनियम त्यात गेलं.
त्याची नोंद वहीत नाही.

आणि गंमत अशी की
कामाला जुंपला की तो मरतच नाही.
सोळाच्या सोळा धागे शंभर टक्के,
अठ्ठ्याऐंशी अंश,
आठ-आठ तास मूळसंख्या शोधायला लावल्या,
हूं नाही की चूं नाही.
मी चाचणी थांबवतो, कॉफी ओततो,
माउसला हातसुद्धा लावत नाही,
आणि तो मरतो.

हे कळायला मला तीन आठवडे लागले.
मला! तेहेतीस वर्षं
कागदाच्या यंत्रापुढे उभा राहिलेल्या माणसाला.
तीन नंबरचं यंत्र मिनिटाला अकराशे मीटरचं.
आम्ही ते अकराशे ऐंशीवर नेलं होतं,
पाच-पाच मीटरने, साहेबाला न सांगता.
कागद तुटला की भोंगा,
आठ मीटर रुंद ओली पांढरी चादर
रोलरभोवती गोळा,
आणि आम्ही चाकू घेऊन आत.
भर वेगात क्वचितच तुटायचा तो.
वेग उतरवताना तुटायचा.
पाल्मू म्हणायचा, ताण सोडतानाही हात लावावा लागतो,
नुसता सोडून चालत नाही.
त्या पाल्मूला निवृत्ती सात महिनेच पुरली.

तर, काम संपलं की प्रोसेसर आपली वात बारीक करतो.
पायरी-पायरीने व्होल्टेज खाली.
आणि शेवटच्या पायरीवर
मी काही ठेवलंच नव्हतं.
सगळ्या तुळया वरच्या मजल्याला दिल्या,
तळघर विसरलो.

बायॉसमध्ये शिरलो. लोडलाइन एक घर सैल केली,
सरसकट वीस मिलिव्होल्टची भर घातली,
आणि सर्वांत खोल झोपेची पायरी बंद.
ऐरा मागे येऊन उभी,
अंगात माझा गिरणीतला जुना कोट.
"म्हणजे आता त्याला गाढ झोप नाही?"
"नाही. डुलकी फक्त."
"बरं," ती म्हणाली, "मग बसा दोघं."

बसलो.
बाहेर एक बर्फफोडी बोट
दिवा लावून हळूहळू निघाली.
पंखा इतका हलका की
मधूनमधून कान नेऊन पाहावं लागायचं.

बारावी नोंद:
रिकामा. एकोणीस तास. चालू.
खाली, त्याच पेन्सिलीने:
तुओमोचा पॉवर सप्लाय परत देणे.
जिरॅनियम. लाल मिळालं तर लाल.