रकाना सहा

भुसावळच्या फलाटावर सापडली ती,
तिकीट नाही, चपला नाहीत,
केळीच्या चिकाने बोटं काळी.
नाव विचारलं, ज्योती म्हणाली.
गाव विचारलं, तरी ज्योतीच म्हणाली.

ठाण्यात एकाच कपाटात दोन रजिस्टरं.
एकात पीडित लिहितात, एकात आरोपी.
पोर तीच, मार तोच,
सहाव्या रकान्यात कुठला देश येतो
त्यावर ठरतं कुठलं उघडायचं.

तडवी मॅडम वाईट नाहीत.
डब्यातली कळण्याची भाकरी मोडून
अर्धी तिच्यापुढे ठेवली त्यांनी.
पोरीची नजर भाकरीवर नव्हती,
पट्ट्यावर होती.

दुभाषा म्हणून जळगावच्या सराफ्यातून
निमाई कर्मकारला आणलं.
वीस वर्षं इथं सोनं गाळतोय,
तरी गेल्या महिन्यात त्याच्या गल्लीतही
कागद तपासून गेले.
शाळेचा दाखला तो आता खिशातच ठेवतो,
प्लास्टिकच्या पिशवीत.

तिने पाणी मागितलं.
आम्हाला काय कळणार, आम्ही तांब्या दिला.
निमाईच्या घरी जोल म्हणतात, ही पानी म्हणाली.
पानी तर त्याच्या शेजारचा मन्सूरही म्हणतो,
पण तिची पुढची क्रियापदं
नदीपलीकडची होती.
"कुठली म्हणते?"
"बंगालची."
"कुठल्या बंगालची?"
कसोटीवर रेघ ओढून
कस सांगणारा माणूस.
खिशावर हात गेला त्याचा.
"इकडच्या," म्हणाला.

मी समुपदेशक. खोटं मला ऐकू येतं.
मी तसंच लिहून घेतलं.

मग आधारगृहात आठ दिवस
मी शिकवलेले प्रश्न विचारत बसले.
कोणी आणलं, किती दिले, किती जण होते.
ती खिडकीचे गज मोजायची.
आणणाऱ्याने तिला बजावलं होतं,
पोलिसात गेलीस तर मला जामीन, तुला जेल.
तिच्याशी तो एवढंच एक खरं बोलला होता.

नवव्या दिवशी मी काहीच विचारलं नाही.
भरताची वांगी भाजत होते.
ती शेजारी येऊन बसली, चटका सोसत
एकेकाचं साल काढू लागली.
चौथ्या वांग्याला म्हणाली,
"दीदी, उधर और तीन है."
आणि थोड्या वेळाने, राखेकडे बघत,
"मेरा नाम मोर्जिना."

रात्रीच गाडी सुटली सावद्याच्या रस्त्याला.
वखार धुतलेली, फरशी अजून ओली.
तीन गोधड्या घडी घालून,
एकीत केसांचा चाप.
"मजूर व्हते भो, चालले गेले,"
मालकाने कानात काडी घालत सांगितलं.

कच्चा घड पिकायला चार दिवस लागतात.
तिला नऊ लागले.
नऊ कुणी लावले, हे विचारायला
फॉर्मात रकाना नाही.

आता जबाब हवा. पक्का, कोर्टात टिकेल असा.
नाव, गाव, दलाल, कुठली रात्र, कुठली नदी.
नदी लिहिली तर केस उभी राहते,
आणि दुसरं रजिस्टर उघडतं.
तडवी मॅडम पेन धरून विचारतात, "लिहू?"
मला विचारतात, तिला नाही.
मोर्जिना माझ्या तोंडाकडे बघतेय.
मी सहावा रकाना पेन्सिलीने भरलाय,
पुसट.

निमाईचा फोन कालपासून लागत नाही.