रुमालाखालचा भाव

मिरजेहून घरी आणलं त्याला आज सत्तेचाळीस दिवस.
छातीच्या हाडात सहा तारा आहेत,
डाव्या पायातली शीर वर नेऊन बसवलीय,
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाके,
पोत्याचं तोंड शिवावं तसे.
हे सगळं मला सांगता येतं.
येईल त्याला सांगतो.

येणारे शहाळी आणतात.
म्हणतात, जिनगोंडा, नवा जन्म झाला बघ तुझा.
मी मान हलवतो.
नुकतं जन्मलेल्यानं रडलं तर चालतं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी कसं रडायचं,
आणि तेही साबणाच्या जाहिरातीला?

परवा दिवाणजी वही घेऊन आले.
राजापुरीचा भाव विचारला, त्यांनी सांगितला.
पाच मिनिटांनी पुन्हा विचारला.
त्यांनी पुन्हा सांगितला, तितक्याच हळू आवाजात.
त्या आवाजाचाच राग आला.
वही भिरकावली.
दोन किलोच्या वर उचलायचं नाही, अशी ताकीद आहे.
वही कमीच भरली असेल.

रात्री उताणं झोपायचं. कुशी बंद.
पंख्याकडे बघत ऐकत राहतो:
आत एक हमाल पोती टाकतोय,
एक, आणि एक, आणि एक.
मध्येच थांबला तर?
म्हणून मी मोजतो.
चार वाजेपर्यंत मोजतो.
शेजारी त्रिशला. झोपल्यासारखी.

तपासणीला विचारतात, दुखतंय? धाप? सूज?
नाही, नाही, नाही.
तीन नाही घेऊन रिक्षानं परत,
विश्रामबागेतल्या खड्ड्यांतून,
छातीशी उशी धरून.

हरिपुरात आमचं एक पेव होतं,
जमिनीत खोल. हळद वर्षानुवर्षं निवांत राहायची.
तोंडावरची माती काढली की लगेच उतरायचं नाही.
दस्तगीर ओरडायचा, आधी वारा जाऊ दे आत,
मग कंदील सोड.
कंदील विझला तर माणूसही विझतो.

माझं तोंड उघडलं त्यांनी,
नीट बंदही केलं.
कंदील सोडायचा राहिला.

हे त्रिशलाला सांगायचं होतं.
म्हणालो, चहात साखर कमी आहे.
साखर बंदच आहे मला.

ती उठली. खुंटीवरचा माझा बाजारातला रुमाल घेऊन आली.
वडील करायचे तो हत्त्याचा सौदा,
रुमालाखाली हात, बोटांवर भाव,
भोवती शंभर माणसं आणि कुणाला पत्ता नाही.
ते बंद होऊन जमाना झाला, आता लिलाव ओरडून होतात.
लग्नानंतर मीच तिला शिकवला होता,
भरल्या घरात बोलायची सोय नव्हती म्हणून.

माझा हात तिनं रुमालाखाली घेतला.
'दहापैकी,' म्हणाली. एवढंच.
मी बराच वेळ काही दाबलं नाही.
कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी.
मग दाबलं. आठ.
तिनं घासाघीस केली नाही.

तेव्हापासून रोज, दिवस मावळायच्या आत जेवण,
मग रुमाल.
आठ. आठ. सात.
शेजारच्या खाटेवरचा मगदूम गेला कळलं त्या दिवशी
दोन्ही हात मागितले मी.
मागच्या सोमवारी तिनं आकड्यांचा कागद
डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
पुष्कळांना होतं असं, म्हणाल्या,
आणि दुसऱ्या मजल्यावरचं एक नाव लिहून दिलं.
तिथं चार खुर्च्या होत्या, चारही भरलेल्या.

आज माझे सहा.
हात काढून घ्यायला लागलो तर तिनं सोडला नाही.
माझी पाच बोटं दाबली,
थांबली,
आणखी चार.

मी वर बघितलं.
ती खिडकीबाहेर बघत होती,
मुरलेल्या व्यापाऱ्यासारखी,
भाव तोंडावर येऊ न देता.