नाळ

रिटायर झाले त्या वर्षी मी गाडी भंगारात घातली.
आठशे. पांढरी. सेकंडहँड घेतलेली.
खाऱ्या हवेनं दारांची खालची कड
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी करून टाकली होती.
सात हजार आले. त्यात मिक्सर घेतला.

परवा लियाकत होडेकरच्या शेडवर गेले,
त्याच्या आईचं बीपी बघायला.
शेडमध्ये नेहमीचा रेझिनचा वास,
घशात बसणारा, रात्री आमटीत उतरणारा.
दोन होड्या पालथ्या होत्या.
तिसरी उताणी, लालभडक,
आणि तिला चाकं होती.

"हसू नका, सिस्टर."
मी हसले नव्हते.
लांब, बुटकी, डोक्यावर छप्पर नाही,
तोंड असं की आता खाडीत घुसेल.
"कुठल्या कंपनीची रे?"
"साखरीनाट्याची."

मग तो बोलत सुटला.
आठशेला वेगळा सांगाडा नसतो म्हणे,
कातडी तीच हाडं.
तशीच कापली तर मधोमध मोडते.
म्हणून आधी बाब्या लोहाराकडून
चौकोनी पाइप लांबीभर जोडून घेतले,
होडीला पठाण घालतात तसे,
आणि मग छप्पर उडवलं.
तीन बंद्या गेल्या या कामात.
बंदीत होड्या वर, हात रिकामे,
पण ओलीत रेझिन धरत नाही,
तर दिवसरात्र शंभरचे बल्ब लावून
तो तिला शेकत बसायचा, बाळंतिणीला शेकावं तसा.
पहिला साचा फुटला.
त्यात आता कोंबड्या बसतात.

"पासिंग?"
"साहेब म्हणाला, हिला कुठल्या रकान्यात बसवू?"
म्हणून ती फक्त सड्यापर्यंत जाते
आणि अंधार पडायच्या आत परत येते.
कागदावर ती कधीच मेलेली आहे.

त्यानं किल्ली फिरवली.
एक खोकला. थांबणं. आणखी एक खोकला.
मग ती तीन सिलिंडरची कुरकुर,
सकाळी उठलेल्या सासूसारखी.
त्यानं पहिला टाकला, दुसऱ्याला अडला,
आणि माझा हात माझ्याआधी बोलला:
"दाब थोडा. मग ओढ."
दुसरा पडला.
लियाकत खाली बघत म्हणाला,
"खाली तुमचीच हाय, सिस्टर.
राजापूरच्या भंगारवाल्याकडून आणली.
सांगू की नको, कळत नव्हतं."

मी मागे वळून बघितलं.
मागची सीट नव्हती.
तिथं टाकी, एक बादली, गुंडाळलेली दोरी.

त्या सीटवर सुगंधा डोर्लेकर आडवी होती,
एकच हेडलाइट चालू, चढाच्या मध्यावर,
नवरा बाहेर उभा राहून विडी पेटवायला बघतोय
आणि काडी पेटतच नाहीये.
बॅटरी दातांत धरून मी नाळ कापली.
डाग शेवटपर्यंत गेला नाही,
वर टॉवेल टाकून चालवलं.
ती पोर आता चिपळूणला नोकरी करते.
एष्टी स्टँडवर दिसली होती. ओळख दिली नाही.
कशी देईल? तिनं मला उलटं बघितलं होतं.

लियाकत लाल टोकावरून फडकं फिरवत होता.
"बाकी जमली," म्हणाला,
"पण नाळ जरा जड झालीय."
होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात
हे मला माहीत होतं, जन्मभर इथंच राहिले.
तरी क्षणभर मी हात पुसायला काही शोधलं.

सड्यावर गेलो.
कातळ तापलेला, गवत करपून गेलेलं,
एक शेरडी रस्त्यात उभी, उठायचं नाव नाही की हलायचं.
छप्पर नसल्यामुळे वारा सगळा तोंडावर,
पदर कमरेला खोचला तरी फडफडतच होता.
पन्नासला काटा थरथरायला लागला,
पूर्वीही पन्नासलाच थरथरायचा.

उताराला लागताना तो ओरडला,
"ब्रेक मात्र जुनेच ठेवलेत, सिस्टर!"

"माहिताय," मी म्हटलं.
"डावीकडे ओढते."