एक नंबर

मी भुईकाट्यावर बसतो, सावद्याच्या रस्त्याला.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक,
उरते ती केळी.
बावीस वर्षं एवढंच गणित.
म्हणून पोरानं मोबाइल पुढं धरून सांगितलं की
लीलाधर फेगडेच्या भरीत सेंटरला
तीन पूर्णांक एक तारे आहेत, चौदा जणांचं मत,
तेव्हा मी विचारलं,
यात ट्रक किती आणि केळी किती?

कुणी लिहिलं होतं, टेबल हलतं.
हलतं. चौथ्या पायाखाली आम्ही
काडेपेटी दुमडून ठेवतो, ती कुणीतरी काढतं.
कुणी लिहिलं होतं, गाडी लावायला जागा नाही.
हमीद ड्रायव्हर हसला. त्याचा सोळा चाकी
रोज तिथंच उभा असतो, लिंबाखाली.
वेटर उद्धट आहे म्हणे.
तो वेटर नाही, जावई आहे.

आणि कुणी सुरतेकडचा,
'फार तिखट' म्हणून एकच तारा ठेवून गेला.
झोपे मास्तरांना डॉक्टरनं मिरची बंद केलीय.
ते चष्मा पुसत म्हणाले,
"खरं बोलला भो माणूस.
याले तक्रार कोन म्हने?"

वांग्याबद्दल चौदातल्या एकानंही लिहिलं नाही.
बामणोदचं वांगं, फिकट हिरवं, बी जवळजवळ नाहीच,
पऱ्हाट्यांच्या जाळावर साल काळी होईतो पडून असतं.
कोकिळावहिनी ते गरम असतानाच सोलते,
बोटं पाण्यात, बोटं वांग्यावर, बोटं पाण्यात.
मग बडगीत मुसळी पडायला लागते
आणि नुसत्या त्या आवाजावर
समोरच्या पंपावरचा पोरगा
नळी जागेवर अडकवून हात धुवायला निघतो.

डिसेंबरात टीव्हीवरचा शेफ आला.
दोन गाड्या, पाच माणसं, आणि ढगाळ दिवशी एक पांढरी छत्री.
त्यानं मुसळी हातात घेतली, चार ठोके मारले,
चौथा बडगीच्या काठावर.
घास तोंडाशी नेला, डोळे मिटले, 'अप्रतिम' म्हणाला.
कॅमेरेवाला म्हणाला, परत.
परत घास, परत डोळे, परत अप्रतिम.
घास तोच होता. सात वेळा.
मोजायची माझी सवय.

पण हेही पाहिलंय मी :
कॅमेरा पेटीत गेल्यावर, गाडीच्या आडोशाला,
उभ्या उभ्या त्यानं कळण्याची भाकरी,
कांद्याची पात, ठेचा, सगळं ताट पुसून खाल्लं.
नाक वाहत होतं. बाहीनं पुसलं.
तेव्हा तो काहीच म्हणाला नाही.
ते मी मान्य करतो.
पाटीवर मात्र मिटलेल्या डोळ्यांचा फोटो आहे.

पाटी लागली. भरितावर काजू आले.
नव्वदची थाळी एकशे साठ झाली.
तारे तिथंच, तीन पूर्णांक एक.
लीलाधर आमच्यासमोर येऊन बसला,
"एवढं खाता वर्षानुवर्षं,
मोबाइलवर एकदा सांगून तर द्या!"

त्या रात्री आम्ही सात जण फोन घेऊन बसलो.
हमीद, मास्तर, गिरधर भारंबे, फिरके बंधू,
पंपावरचा पोरगा, मी.
जावयानं शिकवलं : ठिकाण शोधा, तारा दाबा,
आणि आत भाकरी आणायला गेला.
गिरधरनं विचारलं, "काय दाबू? कसं आहे भरीत?"
सगळे एका सुरात ओरडले,
"एक नंबर!"

दाबला. सातही जणांनी.
मनापासून, एकच.

सकाळी दोन पूर्णांक चार.
लीलाधरनं कपाळ धरलं.
जावई म्हणाला, बदलता येतं.
मास्तर म्हणाले, दिलेलं मत आहे, उसनं नाही.
कोकिळावहिनीला कुणीतरी सगळं समजावून सांगितलं.
ती वांगं सोलत राहिली, मग म्हणाली,
"मग दोन नंबर कोन?"

आता रविवारी बाहेरगावच्या गाड्या कमी दिसतात.
काजू आपोआप बंद झाले.
थाळी अजून एकशे साठच आहे.