सहावा प्लग

गॅरेजवाला म्हणाला, साडेपाचशे डॉलर.
गाडीचे कोणी तीनशे देईना.
नाकापेक्षा मोती जड, म्हणून
शनिवारी सकाळी मीच बॉनेट उघडलं.

दोन लाख एकेचाळीस हजार मैल.
एवढ्या वाटेत माणूस कुठल्या कुठे पोचला असता.
मी पोचले हॅनकॉकहून कॅल्युमेटच्या शाळेच्या स्वयंपाकघरात,
आणि परत. आणि परत.
हल्ली क्विन्सीच्या चढावर ब्युइकला उचक्या लागतात.
मागचे ट्रकवाले हॉर्न देत नाहीत, इथे तशी पद्धत नाही,
नुसते मागे मागे राहून लाजवतात.

शेजारचा आर्वो केम्पाइनेन उलट्या बादलीवर बसलाय.
चाळीस वर्षं इंजिनं उघडली त्याने.
आता एक हात कॉफीचा कप धरतो
आणि दुसरा त्या हाताला.
"इंजिन गार हवं," तो म्हणतो. "तू नको."
म्हणून अंगणातली सौना पेटवून ठेवलीय;
दर प्लगनंतर बोटं शेकून येते.

पुढचे तीन सोपे.
तारेची टोपी आधी पिळायची, मग ओढायची.
फुंकर घालून खाचेतली धूळ उडवायची.
मग पान्हा, आणि आटे सुटल्याची ती करकर,
दाढ उपटल्यासारखी.
निघालेला प्लग आर्वोकडे.
डॉक्टर जीभ बघतात तसा तो
खिडकीच्या उजेडात धरून वाचतो:
"तपकिरी. ठीक."
"याला तेल लागलंय. वय झालं, दुसरं काय."

मागचे तीन भिंतीकडे तोंड करून बसलेत.
डोळ्यांचा उपयोग नाही. हात कोपरापर्यंत आत,
गाल इंजिनच्या थंड झाकणावर,
मोठ्या पातेल्यात पडलेला चमचा शोधावा
तसं चाचपत राहायचं.
चौथा निघाला.
पाचवा निघाला अर्ध्या तासाने, मनगटाची साल घेऊन.
"रक्त पुस त्याच्यावरचं," आर्वो म्हणाला. मी पुसलं, अर्धवट.
सहावा हलेना.
तेल सोडलं. थांबले. शेकून आले.
आर्वोने मला ठाऊक नसलेली एक फिनिश शिवी शिकवली.
मग सुटला.

तो बाकीच्या पाचांचा भाऊ नव्हता.
त्यांच्या अंगावर निळी पट्टी;
याच्यावर कारखान्याचा शिक्का,
गाडीबरोबर जन्मलेला,
टोक झिजून गेलेलं,
फटीतून दहा सेंटचं नाणं आरपार जाईल.

लाखभर मैलांपूर्वी सहाही आर्वोनेच बदलले होते.
बिल अजून आहे माझ्याकडे. सहाचं.
त्याच्या तेव्हाच्या सरळ अक्षरात.

"दे इकडे," आर्वो म्हणाला.
मी सहावा खिशात सोडला
आणि पाचवाच पुन्हा त्याच्या हातात ठेवला.

त्याने तो फिरवला. बराच वेळ फिरवला.
रक्ताचा वाळलेला ठिपका वर आला, खाली गेला, वर आला.
बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ खरवडत होतं.
"त्या दिवशी," तो म्हणाला,
आणि कॉफी प्यायला,
आणि कपात बघत राहिला.

नवा बसवताना आधी पान्हा लावायचा नाही.
रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यात अडकवायचा
आणि बोटांनी हळू फिरवायचं.
आटा चुकला तर नळी आपसूक घसरते,
जबरदस्ती तिला येत नाही.
ही युक्तीसुद्धा त्याचीच.

चावी फिरवली. ब्युइक खोकली,
मग तिने एकदाचा सूर धरला.
आर्वोने डोळे मिटून कान दिला.
"पाच," म्हणाला. मग जरा थांबून,
"नाही. सहा."
"सहा," मी म्हणाले.

सौना आता चांगली तापलीय.
पायरी त्याला उंच पडते,
मी खांदा पुढे करते.
वाकताना खिशातला प्लग
मांडीला टोचतो.