दुसरी वेस

साडेनऊला फोन. मारुती चौकातली पतसंस्था.
"ताई, सगळं बंद पडलंय. आज पेन्शनची तारीख."
सगळं, असं कधीच नसतं.
मी स्कूटर लावते तोवर रांग पायरीखाली उतरलेली,
एका आजोबांनी पासबुक उन्हाला आडवं धरलेलं.

मॅनेजर मगदूम माझ्या मागं बघतात.
"साहेब येणारेत ना मागनं?"
"मीच," म्हणते, आणि टेबलाखाली शिरते.

टेबलाखाली ऑफिस वेगळं असतं.
चपला काढून बसलेले पाय, शिक्क्याचं हरवलेलं झाकण,
भिंतीवर तपकिरी रेघ, एकोणीसच्या पुराची,
तीनदा रंग दिला तरी वर येते.
म्हणून स्विच पार छताशी टांगलाय,
पाण्याचा हात पोचू नये तिथं.
माझाही पोचत नाही.

पहिलं मशीन सुनंदा आवटींचं.
काळी खिडकी उघडते, विचारते: तुझा पत्ता?
एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढं काहीबाही.
हा आकडा माझ्या ओळखीचा.
कुणी पत्ता दिला नाही, की मशीन हाका मारतं,
थोडी वाट बघतं,
मग स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन
गप्प बसतं.
"बिघडलंय का ओ?"
"नाही. एकटं पडलंय."
आवटीबाई हसत नाहीत. चालू पंखा उगाच बंद करतात.

वायरीची चिमटी तुटलेली होती, एवढंच.
दिवा लागत होता, विझत होता, लागत होता.
नवं टोक लावलं. पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा...
झोपेतून उठवलं तरी हा क्रम चुकणार नाही.

पण बाकीची तीन?
त्यांना पत्ता आहे. आपल्यातला नाही.
तिसऱ्या घरात इथं एक असतो, यांच्यात शून्य.
"गेटवे म्हणजे वेस," मी मगदूमांना सांगते,
"गावाबाहेर जायचं तर वेशीतनंच.
ही तिघं भलत्याच वेशीत उभी आहेत."
"आपली तर एकच वेस हाय की."
"होती."

त्या दुसऱ्या वेशीला मी पिंग करते.
लगेच ओ येते.
म्हणजे खोटी नाही ती. आणि लांबही नाही.

शिडी. एकेक वायर काढायची,
खाली लॅपटॉपवर ओ थांबते का, आवटीबाई बघणार.
"येतंय... येतंय... येतंय..."
रांगेतला एकजण विचारतो, कोण येतंय?
सातवी.
"थांबलं!"

सातवी जाते मागं, लॉकरच्या खोलीपलीकडं,
जनरेटरपाशी. फिनेलच्या कॅनमागं
एक पांढरा राउटर, अँटेना मोडका,
दिव्यांवर रुमाल घातलेला, घडी करून.
ज्याला त्याला पत्ते वाटत बसलेला,
कुणी न सांगता.

बाबालाल नदाफ, रात्रपाळीचे,
डबा हातात घेऊन अजून घरी न गेलेले.
"भाच्यानं दिला. मागं रेंज येत न्हाई ओ.
विजापूरला थोरली भण हाय. रात्री ल्युडो खेळतो आमी.
तिला झोप लागत न्हाई,
मला झोपायची परवानगी न्हाई."

मगदूम दारात येऊन थांबले.
काहीतरी बोलणार होते. मग पुढं काउंटरवर
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, प्रिंटर सुरू झाला होता,
आणि ते वळले.

मी राउटर उघडला, लॅपटॉपवरून,
पत्ते वाटायचं त्याचं काम बंद केलं,
वायर शेजारच्या भोकात घातली.
आता तो वेस नाही, नुसती एक पायवाट,
खऱ्या वेशीकडं जाणारी.
मगदूमांना हे सांगितलं. समजलं का, माहीत नाही.
"चालंल," म्हणाले, "पण तो रुमाल काढा."

बिलावर लिहिलं: टोक एक, गेटवे दुरुस्ती, भेट एक.

नदाफ गेटपर्यंत आले.
"रात्री लागंल?"
"लागेल. आता कुणाचं काही अडणार नाही."
स्कूटर चालू करता करता विचारलं, जिंकतं कोण?
"हिरव्या सोंगट्या तिच्या," ते म्हणाले.
"ल्हानपणापासनं. कवा देतच न्हाई."