रिकाम्या कागदाचा फोटो

जालना, जुनी एमआयडीसी, बियाण्याची तपासणी खोली.
निळ्या कागदावर मालदांडीचे दाणे,
वर लोखंडी दांडीला कॅमेरा,
वटवाघळासारखा उलटा.

चारचं ऊन खिडकीतून आडवं येतं
आणि प्रत्येक दाण्याला एक काळं पिल्लू होतं.
संगणक दोघांनाही मोजतो.
पडद्यावर: एक हजार सदतीस.

हेच ताट पंचफुला खरातांनी
सकाळी मोजलेलं.
पाच-पाच दाणे बोटांनी अलगद ओढत,
शेकड्याला एक चिंचोका बाजूला.
एकोणीस वर्षं असंच.
चिंचोके दहा. डबी बंद.
"मग हे सदतीस कुनाच्या वावरातले, भैय्या?"
त्या हसल्या नाहीत.

मी म्हणालो, सावल्या.

दोन दाणे शेजारी पडले
की त्यांच्या सावल्या मधे पूल बांधतात,
दोघांचा एक होतो.
कुठे लांबलेली सावली तुटून
तिसराच दाणा होऊन बसते.
शिवाय सळईच्या कारखान्यांची भुकटी,
खिडकी लावली तरी येणारी,
तीही रांगेत उभी राहून आपला नंबर घेते.

खिडकीला बटर पेपर चिकटवला.
दोन बाजूंना दोन ट्यूब.
काच दोन बोटं वर उचलली,
म्हणजे सावली दाण्यापासून सुटून
खाली पडेपर्यंत विरघळावी.
बऱ्याच विरघळल्या. सगळ्या नाही.
मग उजेड बाजूला ठेवला
आणि नुसता रंग विचारला.
सावलीला स्वतःचा रंग नसतो,
निळ्याला ती निळंच ठेवते,
फक्त थोडं आत नेते.
दाणा पिवळसर, सावली निळी.
निघाली कागदाचीच सोयरी.
तिला कागदात परत पाठवलं.

राहिले कोपरे, तिथे उजेड कमी.
त्यावर जुना उपाय:
रिकाम्या कागदाचा एक फोटो घ्यायचा
आणि पुढच्या प्रत्येक फोटोला
त्यानं भागायचं.
तो घेतला त्या दिवशी
लाईट जायची वेळ होत आली होती.
पंचफुलाबाई ताट पुसून
बाजूला होतच होत्या, मी बटण दाबलं.

गणती जुळली. म्हणजे जवळपास.
हजार, नऊशे सत्त्याण्णव, हजार, नऊशे अठ्ठ्याण्णव.
मॅनेजर म्हणाले, चालतंय.
पंचफुलाबाईंची बदली
पोती शिवायच्या शेडमध्ये.
डबी माझ्या टेबलावर राहिली.

दोन-तीन दाणे.
रब्बीचे नमुने संपत आले तरी
डोक्यातून जाईनात.
शेवटी दिसलं: प्रत्येक फोटोत
डावीकडे वरच्या कोपऱ्यात
एक फिकट उजेड,
तिथले दाणे त्यात बुडतात.

उघडली ती पहिली फाईल.
कागद रिकामा नव्हता.
अंबाड्याची गोल कड,
पदर सावरणारं कोपर,
इतकं पुसट, की पडद्याकडे
तिरकं बघावं लागलं.

तीन महिने मी प्रत्येक ताटाला
या सावलीनं भागत होतो,
आणि जिथे त्या वाकून उभ्या होत्या
तेवढ्याच जागी
उजेड वाढत होता.

नवा फोटो घेतला.
दार लावून, भिंतीला पाठ टेकवून.
नंतर तेच ताट: हजार.
दुसऱ्यांदा: हजार.
जुनी फाईल काढून टाकू का, असं यंत्रानं विचारलं
आणि लाईट गेली.

शेडमध्ये सुतळीचा वास, दाभणाची टकटक.
"किती निघाले?"
मान वर न करता.
हजार, मी म्हणालो.
"मंग माझी डबी आनून दे उद्या.
इथं पोते मोजावं लागतेत."